रायगडाचा रोपवे: तिकीट काढावं की पायऱ्या चढाव्यात?

दिवाळी सरली की आमच्याकडे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर या पट्ट्यात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. दोन दिवस समुद्र झाला, मोदक झाले, सुरमई झाली की तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला कुणीतरी विचारतंच, ‘इथून रायगड किती लांब? आणि तो रोपवे कसा आहे, पैसे वसूल होतात का?’

थोडक्यात उत्तर हवं असेल तर आधीच देऊन टाकतो. नुसता नजारा बघायला म्हणून रोपवेत बसणार असाल तर एवढी वाकडी वाट करू नका. घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल आहे, नाहीतर वेळ मोजका आहे, आणि रायगड मात्र नीट बघायचाय, तर डोळे झाकून तिकीट काढा. आणि पाय धड असतील तर चढताना पायऱ्या, उतरताना रोपवे. हे का, आणि आपण यातल्या कुठल्या गटात बसतो हे कसं ठरवायचं, ते पुढे सांगतो.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या

रायगडाचा रोपवे हिरकणीवाडीतून सुटतो. महाडहून पाचाडला आलात की पायऱ्यांची वाट चित दरवाजाकडून आणि रोपवे हिरकणीवाडीकडून, अशी विभागणी होते. त्यामुळे कुठं जायचंय ते गाडीत असतानाच ठरलेलं बरं, नाहीतर पार्किंग एकीकडे आणि माणसं दुसरीकडे असा घोळ होतो. रोपवे १९९६ साली सुरू झाला. दोराची लांबी सुमारे ७५० मीटर आणि चढ सुमारे ४०० मीटर, म्हणजे जवळपास दर दोन मीटरला एक मीटर वर. रायगड समुद्रसपाटीपासून ८२० मीटरच्या आसपास आहे. थोडक्यात, निम्मी उंची तुम्ही गाडीत बसून आधीच चढलेली असता, रोपवे उरलेली निम्मी चढवतो आणि त्याला चार-पाच मिनिटं घेतो.

हे चार-पाच मिनिटांचं गणित लक्षात ठेवा. गुलमर्गचा किंवा परदेशातला रोपवे डोळ्यासमोर ठेवून आलेली मंडळी खाली उतरल्यावर ‘संपलं पण?’ म्हणतात. हो, संपलं. हा फिरवून आणणारा रोपवे नाही, गडावर पोचवणारा आहे.

आणखी एक गोष्ट. काही रोपवेंत पाळण्यांची माळ सतत फिरत असते. एक गेला की मागून दुसरा येतो, रांग हलत राहते. इथं तसं नाही. एका बाजूचे पाळणे वर निघाले की दुसऱ्या बाजूचे खाली निघतात, मधे एकमेकांना ओलांडतात, दोन्ही टोकांना थांबतात, माणसं उतरतात, नवी चढतात, मग पुन्हा. विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडे पोहरे बांधावेत तसा प्रकार. यात एक सोय आहे: खाली येणाऱ्यांचं वजन वर जाणाऱ्यांच्या कामी येतं, यंत्राला कमी ओढावं लागतं. आणि एक गैरसोय आहे: एका वेळी ठरावीक माणसंच जातात. गर्दीच्या दिवशी सगळं गणित इथंच अडतं.

रांगेचा हिशोब खिडकीपाशीच करा

प्रवासाला चार-पाच मिनिटं, वर चढण्या-उतरण्याला दोन मिनिटं धरली तर साधारण सहा-सात मिनिटांनी एक फेरी होते. तासाला आठ ते दहा फेऱ्या. आता रांगेत उभं राहण्याआधी एक फेरी नुसती बघा आणि किती माणसं आत गेली ते मोजा. समजा १२ जण गेले. म्हणजे तासाला शंभर-सव्वाशेच्या वर माणसं जात नाहीत. तुमच्यापुढे दोनशे असतील तर दोन तास गेलेच.

इथं एक खुबी आहे. रांग बघताना दारात उभी असलेली माणसं मोजून भागत नाही, आवारात लागलेल्या बस मोजायच्या. शाळेची सहल आली असेल तर पोरं कुठंतरी डबे खात बसलेली असतात आणि मास्तर आधीच नंबर लावून आलेले असतात. एक बस म्हणजे पन्नास पोरं, म्हणजे वरच्या हिशोबाने तुमचा अर्धा तास. डिसेंबर-जानेवारी हे सहलींचे महिने. त्यातही शनिवार-रविवार, नाताळचा आठवडा, दिवाळीची सुट्टी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या हे दिवस टाळता आले तर टाळा. १९ फेब्रुवारी, ६ जून आणि तिथीने येणारा राज्याभिषेक दिन, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, या दिवशी गडावर लोटणारी गर्दी वेगळीच असते. ज्यांना तो सोहळा अनुभवायचाय त्यांनी त्या दिवशी जावंच, पण ‘आईला आरामात रायगड दाखवू’ असं मनात असेल तर तो दिवस नव्हे.

पायऱ्यांनी चढायला साधारण माणसाला दीड ते दोन तास लागतात. म्हणजे रांग दीड तासाच्या वर गेली की चालणारा तुमच्या आधी वर पोचून ताक प्यायलेला असतो. पाय धड असलेल्याने तिथं रेंगाळण्यात अर्थ नाही. गाडी वळवा, चित दरवाजाला जा.

उतरतानाची रांग लोक विसरतात. सकाळी माणसं टप्प्याटप्प्याने येतात, पण दुपारी तीननंतर सगळ्यांना एकदमच खाली जायचं असतं. म्हणून वर पोचल्या पोचल्या शेवटची फेरी किती वाजता आहे ते विचारून ठेवा आणि त्याच्या तास-दीड तास आधी रांगेत या. खालच्या वाडीला जिचं नाव आहे ती हिरकणी संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरली, अशी कथा आहे आणि त्या जागी बांधलेला बुरूज आजही दाखवतात. शेवटची फेरी चुकली तर तुम्हाला कडा उतरावा लागणार नाही, पायऱ्या आहेत. पण अंधारात, दमलेल्या मुलांना घेऊन, त्याही कमी वाटत नाहीत.

पैशाचं काय

दर बदलत असतात, खिडकीवरच्या फलकावर लिहिलेले असतात. चौघांचं कुटुंब जाऊन-येऊन धरलं तर खर्च हजाराच्या वर जातो असं गृहीत धरून निघा. लहान मुलांना, ज्येष्ठांना काही सवलत आहे का, एकेरी तिकीट मिळतं का, आणि गडाचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट यात धरलंय की वेगळं, या तीन गोष्टी पैसे देण्याआधी विचारा. एकेरीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण माझा पुढचा सल्ला त्याच्यावरच उभा आहे.

एवढे पैसे वसूल झाले की नाही हे त्या चार मिनिटांवर मोजलंत तर नेहमी महागच वाटेल. वर किती तास काढलेत त्यावर मोजा. काही जण वर जातात, सिंहासनाच्या जागेवरच्या मेघडंबरीसमोर फोटो काढतात, पाऊण तासात परत रांगेत येतात. त्यांचे पैसे वाया गेले असं मी खुशाल म्हणेन, मग रोपवे कितीही छान असो.

वर गेल्यावरही चालायचंच आहे

हा मुद्दा मी सगळ्यांना दोनदा सांगतो, कारण रोपवे म्हटलं की लोकांना वाटतं वर सगळं समोरच मांडून ठेवलेलं असेल. माझी पुण्याची आत्या असंच समजून साडी आणि नवी कोरी चप्पल घालून आली होती. मेणा दरवाजातून आत आल्यावर तिने समोरचा पसारा पाहिला आणि विचारलं, ‘अरे, जगदीश्वर कुठंय?’ मी पार पलीकडं बोट दाखवलं. ‘तिथं? मग त्या पाळण्यानं काय केलं रे?’

पाळण्याने चढ वाचवला, फिरणं नाही. वरचं स्टेशन मेणा दरवाजाच्या अंगाला आहे. तिथून राणीवसा, राजसदर, नगारखाना, होळीचा माळ इथपर्यंत फारसं अवघड नाही. बाजारपेठ ओलांडून पुढे जगदीश्वराचं देऊळ आणि शिवाजी महाराजांची समाधी इथवर जायचं तर मात्र उघड्या माळावरून चांगली चाल आहे आणि मधे चढ-उतार आहेत. टकमक टोक आणखी वेगळ्या दिशेला. सगळं नीट पाहायचं तर तीन-चार तास कुठंच जात नाहीत. सावली जवळजवळ नाही. दगडी फरशा, उंच जोती, झिजलेल्या पायऱ्या.

त्यामुळे वयस्कर माणसाबद्दल ठरवताना ‘रोपवेत बसवेल का’ असं विचारू नका. बसवतंच, आत जाऊन बाकावर टेकायचं असतं एवढंच. ‘सपाटीवर तासभर, मधे बसत-उठत, उन्हात चालवेल का’ असं विचारा. चालवत असेल तर जरूर न्या. नसेल तर राजसदरेपर्यंतचा टप्पा ठरवून न्या आणि समाधीपर्यंत जायचा हट्ट धरू नका. खरं तर सदर एकटी बघितली तरी माणूस तृप्त होतो. नगारखान्याच्या दारात एकाला उभं करा आणि मेघडंबरीपाशी दुसऱ्याला. दारातल्याने हलकेच कागद फाडला तरी पलीकडे ऐकू येतो. नातवंडं दारात आणि आजी सिंहासनाच्या बाजूला, असा खेळ मी कितीतरी कुटुंबांना खेळताना पाहिलाय, आणि आजी ऐकू आल्याची खूण म्हणून पदर हलवते.

हृदयविकार, अलीकडेच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून मगच जा. ८२० मीटरवर हवा काही विरळ होत नाही, भीती उंचीची नाही. अडचण एवढीच की मोठा दवाखाना महाडला, आणि तिथं पोचायचं तर आधी रोपवेची फेरी आणि मग घाटातला रस्ता.

पायऱ्या सोडल्यात तर काय सुटतं

आता इथं थोडा थांबतो, कारण रोपवेचा खरा खर्च तिकिटात नाही, यात आहे.

रायगड म्हणजे नुसता माथा नव्हे. तो माथ्यापर्यंत कुणाला सहज येऊ द्यायचं नाही यासाठी उभा केलेला गड आहे. चित दरवाजाकडून चढायला लागलात की खुबलढा बुरुजापासूनच वाट तुमच्यावर नजर ठेवल्यासारखी वळत राहते. नाना दरवाजा ही जुनी वाट वेगळी. दोन्ही वाटांनी वर चढत जावं तसा दम लागतो आणि महादरवाजा अजून दिसत नाही. तो दिसतच नाही, हीच त्याची करामत. दोन अवाढव्य बुरुजांच्या कुशीत तो असा वळवून बसवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत समोर नुसता तट दिसतो. तोवर वरून येणारा दगड, बाण, गोळी, सगळ्यासाठी तुम्ही उघड्यावर. पायऱ्या चढून घामाघूम झालेल्या माणसाला त्या दरवाजासमोर काही समजावून सांगावं लागत नाही. रोपवेने गेलेल्याला मात्र हिरोजी इंदुलकरांनी काय बांधलंय ते गाइडच्या तोंडून ऐकावं लागतं.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी गड घेतला तोही या वाटेने चढून नव्हे, समोरच्या डोंगरावरून तोफा डागून. हेही दरवाजात उभं राहिलं की पटतं.

महादरवाजातून आत आल्यावर चढ संपत नाही, हत्ती तलावापर्यंत आणखी घाम काढतो. पायऱ्या एकंदर दीड हजारांच्या घरात आहेत. नेमका आकडा विचारू नका, मोजणारा बदलला की आकडा बदलतो, आणि वाटेवर कामं चालू असली की तोही हिशोब चुकतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात रायगड आहे. त्या यादीचा रोखच मुळी डोंगर, जंगल, समुद्र यांचा संरक्षणासाठी कसा वापर केला यावर आहे. म्हणजे ज्यासाठी गडाला हा मान मिळाला, त्यातला निम्मा भाग पाळण्यातून सुटतो. म्हणून म्हणतो, अंगात बळ असेल तर निदान एकदा, एका दिशेने तरी, पायऱ्यांनी जा.

मग चार पर्यायांतला कुठला?

*चढताना पायऱ्या, उतरताना रोपवे.* धडधाकट माणसासाठी माझी पहिली पसंती. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची खरी वाट लागते ती उतरताना. दगडी पायऱ्यांवर प्रत्येक पावलाला वजन गुडघ्यावर आदळतं आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर वाळूत चालताना ते आठवतं. शिवाय पहाटे उजाडता उजाडता चढायला लागलात तर महादरवाजा उन्हाआधी गाठता येतो आणि सकाळची रोपवेची रांग आपोआप टळते. एकच सावधगिरी: उतरतीचं एकेरी तिकीट वर मिळेलच असं धरून चालू नका, आधी चौकशी करा. आणि गाडी चित दरवाजाशी, तुम्ही हिरकणीवाडीत, हेही लक्षात असू द्या. कुणी ड्रायव्हर बरोबर असेल तर फोन करून बोलवा, नाहीतर एकाने रिक्षा, जीप, मिळेल त्याने जाऊन गाडी आणायची.

*चढताना रोपवे, उतरताना पायऱ्या.* दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी हे छान जमतं. सकाळी ताजेतवाने वर पोचतात, गड बघताना कुरकुर करत नाहीत, आणि उतरताना उड्या मारत येतात. महादरवाजाही बघून होतो, उलट्या बाजूने का होईना. गुडघेदुखी असलेल्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

*दोन्हीकडून रोपवे.* वयस्कर, लहान मूल कडेवर असलेले, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेले, आणि ज्यांना त्याच दिवशी मुंबई-पुणे गाठायचंय ते. यात कमीपणा काही नाही. ‘गड पायानेच चढावा, नाहीतर चढूच नये’ असं म्हणणारे भेटतील. त्यांच्या आईला एकदा समाधीसमोर हात जोडताना बघितलं की तेही गप्प होतात.

*दोन्हीकडून पायऱ्या.* ट्रेकची सवय असलेले हे वाचतच नसतील.

एकाच घरात दोन-तीन प्रकारची माणसं असतील तर फूट पाडा. तरणीताठी पायऱ्यांनी, बाकीची रोपवेने, आणि भेटायचं ठिकाण नगारखाना. मोबाइलची रेंज डोंगरात कुठं जाते कुठं येते, म्हणून जागा आणि वेळ खालीच ठरवा. रोपवेवाले आधी पोचतील असं समजू नका. वर रांगेचा हिशोब दिलाय तो आठवा.

कुठल्या महिन्यात काय दिसतं

नजाऱ्यासाठीच जायचं असेल तर पाऊस ओसरल्यावरचे दिवस, सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबर. डोंगर हिरवे, हवा धुतलेली, खाली खाचरांत भात पिवळं पडत आलेलं. पाळणा सुटला की हिरकणीवाडीची कौलं आणि पत्रे भराभर लहान होतात आणि समोरचा काळा कातळ अंगावर येतो. त्या कातळाला पावसानंतर ओल असते, मधूनच एखादी पाण्याची धार, भेगेत उगवलेलं झुडूप, हे सगळं इतक्या जवळून जातं की चार मिनिटं कमी वाटतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी, फिरायला उत्तम, पण रंग पिवळा-तपकिरी आणि गर्दी जास्त. मार्चपासून धुरकट हवा, लांबचं काही दिसत नाही, आणि दुपारी माळावर चटका असा की टोपी असूनही डोकं तापतं. एप्रिल-मे मध्ये जायचंच असेल तर सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत वर आणि अकराच्या आत खाली.

पावसाळा हा जुगार आहे. ढग गडावर उतरले की पाळण्याबाहेर पांढरं धुकं, तिकीट तेवढंच. ढग फाटले तर मात्र असं काही दिसतं की आयुष्यभर सांगत बसाल. पण वारा आणि विजा असल्या की रोपवे थांबवतात, आणि शेवाळलेल्या पायऱ्या, वरून सुटणारे दगड यांमुळे पायवाटही पावसात धोक्याची असते, प्रशासन ती बंदही करतं. समुद्रावरून तीन तास गाडी मारून यायचं आणि फाटकावरून परत जायचं, याची तयारी असेल तरच जुलै-ऑगस्टमध्ये निघा.

भीती वाटत असेल तर

उंचीची भीती असणाऱ्याने वर जाताना डोंगराकडे तोंड करून बसावं, म्हणजे समोर कातळ असतो, पाठीमागे दरी. नजाऱ्याची हौस असणाऱ्याने उलट बसावं. मधे दुसऱ्या बाजूचे पाळणे शेजारून जातात तेव्हा आणि स्टेशनात शिरताना थोडं हलतं, ते नेहमीचं आहे. पोरांना उभं राहू देऊ नका, सेल्फीसाठी सगळे एका बाजूला सरकू नका. माणसं बसवताना तिथला कर्मचारी ‘तुम्ही इकडं या, ताई तुम्ही तिकडं’ करतो ते वजन सारखं वाटण्यासाठी. तिथं ‘आम्ही एकाच फॅमिलीतले’ म्हणून वाद घालू नका. चार मिनिटांनी भेटणारच आहात.

आणि वाऱ्यामुळे बंद म्हणाले तर बंद. गुलमर्गला जून २०१७ मध्ये जोराच्या वाऱ्यात झाड उन्मळून दोरावर पडलं आणि सात जणांचा जीव गेला. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडमधल्या त्रिकूट पर्वतावरच्या रोपवेत माणसं चाळीस तासांहून जास्त अडकली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. हे घाबरवायला सांगत नाही. ‘इतक्या लांबून आलोय, एक फेरी सोडा ना’ असं जो खिडकीवर गळ घालतो, त्याला सांगतोय. पाळणा मधेच थांबला तर बसून राहायचं, दाराला हात लावायचा नाही. स्टेशनवरून सूचना येईपर्यंत वाट बघायची.

जायच्या दिवशी

आदल्या दिवशी फोन करून रोपवे चालू आहे ना, देखभालीसाठी बंद नाही ना, आगाऊ बुकिंग मिळतं का, एवढं विचारा. श्रीवर्धन-दिवेआगरहून माणगावमार्गे अडीच ते तीन तास, दापोलीहून मंडणगड-महाडमार्गे तीन तास धरा. म्हणजे सकाळची पहिली फेरी गाठायची तर पहाटे पाचलाच निघायला हवं. हे जमणारं नसेल तर आदल्या रात्री महाडला किंवा पाचाडला मुक्काम करा, माझं मत याच बाजूचं आहे. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं माणगाव किंवा वीर स्टेशन जवळ पडतं, पुढे एसटी किंवा खासगी गाडी.

बुटं घाला, चप्पल नको. माणशी एक लिटर पाणी, टोपी. डबा न्यायची गरज नाही. गडावर राहणाऱ्या धनगर कुटुंबांतल्या बाया ताक, दही, लिंबू सरबत आणि सांगितलं तर पिठलं-भाकरी देतात. दोन घोट प्यायलात की त्या ताकाचं वेगळं कौतुक करायची गरज उरत नाही. सांगायचं तर वर पोचल्यावर आधी जेवणाचं सांगून ठेवा आणि मग फिरायला जा, परत येईस्तोवर भाकऱ्या थापून होतात. रोख सुटे पैसे जवळ ठेवा. गाइड घ्यावा, विशेषतः रोपवेने गेलात तर. जे पायांना कळलं नाही ते निदान कानाला कळेल.

उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, वाड्याचे अवशेष आहेत. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि जिजाऊ गेल्या १७ जूनला, अवघ्या अकरा दिवसांनी. ही जागा सपाटीवर आहे, रस्त्यालगत आहे. ज्यांना गडावर जाणं जमलंच नाही ती मंडळी इथं येऊ शकतात आणि बाकीचे वर असताना निवांत बसू शकतात.

नाहीच गेलात तर

रोपवे बंद निघाला किंवा रांग बघून मन फिरलं, तर दिवस फुकट गेला असं समजू नका. महाडचं चवदार तळं, जिथं २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सत्याग्रह केला, ते गावातच आहे. गांधारपाल्याची लेणी महाडजवळच महामार्गालगत आहेत, तिथंही पायऱ्या आहेत पण आटोपशीर.

आणि मुळात हौस पाण्यावरून, दरीवरून तरंगत जाण्याचीच असेल, गडाशी काही देणंघेणं नसेल, तर डोंगरात यायचंच कशाला? बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवा आणि स्वतः खाली उतरून कठड्याशी उभे राहा. खाली जी खाडी आहे ती सावित्रीचीच, महाडावरून आलेली, रायगडाच्या पायथ्याचं पाणी घेऊन समुद्राला निघालेली. डाव्या-उजव्या हाताला खारफुटी, पलीकडे बाणकोटचा डोंगर. दिघी ते आगरदांडा, दाभोळ ते धोपावे इथंही असंच. भाडं रोपवेच्या मानाने किरकोळ, रांग गाड्यांची असते पण फार नसते, आणि आजीला चालावं लागत नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या बोटीची वेळ जेटीवर विचारून घ्या. ती चुकली तर मात्र खाडीला वळसा घालून यावं लागतं आणि जेवण थंड होतं.